बायोडिझेलच्या तळाशी उरतं त्याचं काय करायचं

तळणीच्या जुन्या तेलापासून बायोडिझेल कसं करायचं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. १०० लिटर तेलाला साधारण २० लिटर मिथेनॉल, म्हणजे एक विषारी, ज्वालाग्राही अल्कोहोल लागतं. वर इंधन येतं आणि खाली १५-२० लिटरांचा दाट, तपकिरी थर बसतो. त्या थराची सोय लावल्याशिवाय पुढची बॅच घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

हा थर म्हणजे निव्वळ ग्लिसरिन नव्हे. त्यात साबण असतो, उत्प्रेरक (तेल आणि मिथेनॉलची क्रिया घडवून आणणारा कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश) असतो आणि जादा घातलेल्या मिथेनॉलचा मोठा वाटा असतो. आधी मिथेनॉल काढा. ते ६५ अंशांना उकळतं, ग्लिसरिन २९० ला, त्यामुळे दोन्ही वेगळी करता येतात. भांड्यातली वाफ कंडेन्सरमधून (वाफ थंड करून पुन्हा द्रव करणाऱ्या नळीतून) न्या, नळीचं पुढचं तोंड मोकळं ठेवा, आणि हे काम मोकळ्या हवेत, विजेच्या उष्णतेवरच करा. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, आणि ते घोटभर पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. परत मिळालेल्या मिथेनॉलमध्ये पाणी असेल तर पुढच्या बॅचमध्ये साबणच जास्त होतो. घनता मोजूनच वापरा.

उरलेलं ग्लिसरिन कंपोस्टात चालतं, पण उत्प्रेरक कोणता होता यावर सगळं ठरतं. कॉस्टिक सोड्यातलं सोडियम जमीन चोपण करतं. कॉस्टिक पोटॅश वापरलं तर पोटॅशियम उरतं आणि ते पिकाला हवंच असतं. म्हणून मी पोटॅशचाच आग्रह धरते. पाण्यात पातळ करून, सुक्या पाल्यात, थोडं थोडं मिसळा. एकदम ओतलं तर ढीग चिकट होतो आणि आत हवा जात नाही. बायोगॅसच्या टाकीत टाकायचं तर रोजच्या भरणाच्या शंभराव्या हिश्शापासून सुरुवात करा. ग्लिसरिन फार लवकर कुजतं, आम्ल साठतं आणि गॅस बंद पडतो. चुलीत किंवा शेकोटीत मात्र कधीही जाळू नका. अर्धवट जळताना अ‍ॅक्रोलिन हा विषारी वायू निघतो.

वरच्या इंधनात राहिलेला साबण काढायला ते पाण्याने धुतात. ते धुतलेलं दुधाळ पाणी ओढ्यात किंवा गटारात सोडणं मला अक्षम्य वाटतं. ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. थोडं आम्ल घालून साबण फोडा, वर आलेला तेलकट थर काढून घ्या, मग चुन्याने पीएच ७ च्या आसपास आणा. एवढं करूनही ते पाणी सांडपाणी प्रक्रियेलाच द्यायचं. मुळात साबण कमी व्हावा म्हणून तेल आधी तापवून त्यातलं पाणी घालवा.

इंजिनाकडेही बघा. बायोडिझेल साध्या रबराच्या नळ्या फुगवतं आणि टाकीतला जुना गाळ सोडवतं. सुरुवातीला फिल्टर लवकर बदला. तांबं-पितळेच्या भांड्यात साठवू नका आणि सहा महिन्यांच्या आत वापरून टाका.

कोरं खाद्यतेल मात्र मी यासाठी वापरत नाही. ते पिकवायला लागलेली जमीन आणि पाणी अन्नाच्या वाट्याचं आहे.

आणि तेल पुसलेल्या चिंध्यांचा ढीग करू नका, त्या आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.