हवेवरील रिव्हेट गनचे नोजपीस आणि जॉ काढण्याची व बसवण्याची पद्धत

नाशिकच्या अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींतील ज्या गाळ्यांत विजेच्या पॅनेलची पत्र्याची कपाटे तयार होतात, तेथे हवेवर चालणारी पॉप रिव्हेट गन, म्हणजे पोकळ रिव्हेटमधला खिळा ओढून पत्रे जोडणारे अवजार, दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या हातात असते, आणि ‘गन खिळा ओढत नाही’ ही तक्रार वरचेवर ऐकू येते. माझ्या अनुभवात अशा वेळी गन क्वचितच बिघडलेली असते. तिच्या तोंडातील जॉ, म्हणजे रिव्हेटचा खिळा पकडणारे दातेरी तुकडे, चुऱ्याने भरलेले असतात.

काम सुरू करण्यापूर्वी हवेची नळी कपलरपाशी गनपासून वेगळी करावी. केवळ व्हॉल्व्ह बंद करणे पुरेसे नाही, कारण नळीत उरलेल्या हवेवरही ट्रिगर दाबला गेल्यास गन एक झटका देऊ शकते आणि त्या वेळी बोट तोंडाशीच असते. तुटलेले खिळे साठवणारी मागची बाटली याच वेळी रिकामी करून घ्यावी.

केवळ रिव्हेटचे माप बदलायचे असेल, तर नोजपीस, म्हणजे गनच्या टोकावरचा, खिळा आत घेणारा छिद्राचा तुकडा, तेवढे बदलावे. ३.२, ४.० आणि ४.८ मिलिमीटरच्या रिव्हेटसाठी वेगवेगळी नोजपीस लागतात. खिळा छिद्रातून सहज जावा, पण छिद्र सैल नसावे. ते मोठे असल्यास रिव्हेटची कडा आत ओढली जाऊन वाकडी होते. नवे नोजपीस आधी हाताने फिरवावे आणि मग पान्याने घट्ट करावे. पुष्कळ गनमध्ये नोजपीसचे मागचे टोक जॉना टेकून त्यांना उघडे ठेवते, त्यामुळे ते अर्धवट आवळलेले राहिल्यास खिळा आतच शिरत नाही आणि दोष विनाकारण जॉवर येतो.

जॉ काढण्यासाठी प्रथम पुढचे बाहेरचे नळकांडे पान्याने सोडवावे. आत जॉ केस, म्हणजे जॉ ज्यात बसतात ते कवच, दिसते. तिच्या मागच्या भागाला एक पाना लावून तो स्थिर धरावा आणि दुसऱ्या पान्याने केस फिरवावी, कारण एकाच पान्याने जोर लावल्यास आतला ओढदांडाही फिरू लागतो. केस सुटताना स्प्रिंग आणि जॉना मागून रेटणारा पुशर उडू नयेत म्हणून त्यांवर हात ठेवावा. सुटे भाग निघाले त्याच क्रमाने फडक्यावर डावीकडून उजवीकडे मांडून ठेवावेत. जोडणी उलट्या क्रमाने करायची असल्याने ही ओळच पुढे उपयोगी पडते.

जॉ उजेडात धरून पाहिल्यास दात्यांच्या खाचांत चंदेरी चुरा घट्ट बसलेला दिसतो. तो रॉकेलमध्ये भिजवून पितळी ब्रशने काढावा. चुरा निघूनही दाते बोथट दिसत असतील, तर संपूर्ण संच बदलावा. एकच नवा तुकडा जुन्यांत मिसळल्यास पकड एका बाजूला झुकते. केसच्या आतला शंकूसारखा उतारही पुसून घ्यावा.

बसवताना जॉच्या बाहेरच्या गुळगुळीत बाजूला ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा, दात्यांना मात्र ग्रीस लागू देऊ नये. या ग्रीसमुळे तुकडे केसच्या उतारावर चिकटून राहतात आणि जोडताना निसटत नाहीत. मग पुशर, स्प्रिंग, केस, नळकांडे आणि नोजपीस या क्रमाने सर्व आवळावे. मागची बाटली लावल्याशिवाय हवा जोडू नये. एका गाळ्यात बाटलीला तडा गेला म्हणून ती काढून काम चालू ठेवले होते आणि मागून सुटलेला खिळा शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसाच्या भुवईवर लागला. डोळा थोडक्यात वाचला, आणि त्या दिवसापासून मी चष्म्याशिवाय कोणालाही गन हातात देत नाही.

पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी साठते, म्हणून रोज सकाळी ते सोडून द्यावे. हवेच्या वाटेत तेलाची कुपी नसेल, तर गनच्या हवेच्या तोंडातही पातळ तेलाचे दोन-तीन थेंब टाकावेत.

शेवटी टाकाऊ पत्र्याच्या दोन तुकड्यांवर चाचणी घ्यावी. खिळा एकाच ओढीत तुटला आणि रिव्हेटचे डोके पत्र्याला सपाट टेकले, तर जोडणी बरोबर आहे. जॉ स्वच्छ असूनही दोनदा ट्रिगर दाबावा लागत असेल, तर आतले हायड्रॉलिक तेल कमी झालेले असते. ते भरण्याचा स्क्रू हवा जोडलेली असताना कधीही सैल करू नये, कारण तेल मोठ्या दाबाने बाहेर फवारले जाते.