मुलांना घेऊन मुंबईतलं संग्रहालय पाहायचं तर

मे महिन्याची सुट्टी लागली की घरात विषय निघतोच, मुलांना कुठेतरी घेऊन जाऊ या. चौपाटी झालेली असते, मॉल झालेला असतो. मग कुणीतरी म्हणतं, म्युझियम दाखवू. इथेच घोटाळा होतो, कारण ‘दाखवू’ म्हणजे ‘सगळं दाखवू’ असं आपण मनात धरतो. सकाळी राणीची बाग, दुपारी काळा घोडा, संध्याकाळी तारांगण. माझ्या मुलाला मी पहिल्यांदा असंच फिरवलं. तेव्हा तो सहा वर्षांचा होता. तिसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा तो माझ्या खांद्यावर झोपला होता, आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्या सगळ्यातलं काहीही सांगता येईना.

त्यानंतर आम्ही एक पद्धत धरली. एका दिवसात एकच जागा. त्या जागेत तीनच वस्तू नीट बघायच्या. आणि पुढच्या वेळी कुठे जायचं ते मुलाच्या प्रश्नावरून ठरवायचं. ही पद्धत कशी पाळायची ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी वार बघा, मग बेत करा

मुंबईतली बरीच ठिकाणं सोमवारी बंद असतात. नेहरू तारांगण, काळा घोड्याजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, पेडर रोडवरचं भारतीय चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालय, घारापुरीची आणि कान्हेरीची लेणी, सगळ्यांना सोमवारची सुट्टी. राणीची बाग आणि तिच्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय मात्र बुधवारी बंद असतं. बेस्टचं, म्हणजे मुंबईच्या बससेवेचं, संग्रहालय सोमवार-मंगळवार बंद. सोमवारीच वेळ मिळत असेल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गाठा, ते एरवी सोमवारीही उघडं असतं. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय आपल्या लहानपणी होतं म्हणून मुलांना कबूल करून बसू नका. ते गेली काही वर्षं बंद आहे.

दुरुस्तीसाठी एखादं दालन किंवा अख्खं संग्रहालय बंद असण्याचे प्रसंग वरचेवर येतात, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी एक फोन कराच. रविवारी जाणार असाल तर मेगाब्लॉकचं वेळापत्रकही बघून ठेवा. अर्धा तास लोकल खोळंबली तर मुलांचा निम्मा उत्साह गाडीतच संपतो.

२. मुलाच्या वयाप्रमाणे जागा निवडा

पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला काचेपलीकडच्या वस्तू फार वेळ धरून ठेवत नाहीत. त्याला हात लावायला हवा असतो. त्याच्यासाठी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र उत्तम. कळ दाबा, चाक फिरवा, आरशासमोर उभे राहा, तिथली दालनं अशीच मांडलेली आहेत. १९८५ मध्ये सुरू झालेलं हे केंद्र महालक्ष्मी स्टेशनपासून चालत जाण्याजोगं आहे, आणि आता भुयारी मेट्रोचं सायन्स सेंटर नावाचं स्थानकही जवळ झालं आहे. टॅक्सीत बसताना एक सांभाळा. ‘नेहरू’ एवढंच सांगितलंत तर टॅक्सी तारांगणाच्या दारात जाऊन उभी राहू शकते. नेहरू तारांगण १९७७ पासून अ‍ॅनी बेझंट रोडवर आहे, विज्ञान केंद्र ई. मोझेस रोडवर. दोन्ही वरळीतच असली तरी ठिकाणं वेगळी आहेत. तारांगणाचे खेळ ठरावीक वेळेला आणि वेगवेगळ्या भाषांत असतात, त्यामुळे मराठी खेळाची वेळ विचारूनच निघा. अंधाराला घाबरणाऱ्या लहानग्याला तिथे नेण्याची घाई करू नये असं माझं मत आहे.

सात ते दहा या वयाला राणीच्या बागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय फार छान जमतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते. दहाच्या पुढच्या मुलांना गावदेवीचं मणिभवन दाखवा. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. त्यांची खोली, चरखा आणि त्यांच्या आयुष्यातले प्रसंग छोट्या बाहुल्यांतून उभे केलेल्या पेट्या, तासाभरात सगळं शांतपणे पाहून होतं. सिनेमाचं वेड असलेल्या मुलाला पेडर रोडचं चित्रपट संग्रहालय आवडेल. गुलशन महाल या जुन्या बंगल्यात आणि शेजारच्या नव्या इमारतीत ते मांडलं आहे.

घरात आजी-आजोबा असतील आणि त्यांचं लहानपण मुंबईत गेलं असेल, तर ‘आणिक’ नावाच्या बस आगारातलं बेस्टचं संग्रहालय त्यांच्याबरोबर बघा. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. जुनी तिकिटं आणि ट्रामच्या प्रतिकृती तिथे आहेत. मुंबईत ट्राम १८७४ मध्ये घोड्यांवर सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर धावू लागली आणि ३१ मार्च १९६४ ला कायमची थांबली. ट्राममध्ये बसलेला माणूस शेजारी उभा राहून सांगतो आहे आणि नातू ऐकतो आहे, याची सर कुठल्याच पाटीला येणार नाही.

३. घरीच तीन वस्तू ठरवा

जाण्याच्या आदल्या रात्री मुलाबरोबर बसून त्या संग्रहालयातल्या वस्तूंचे फोटो बघा. एक वस्तू त्याने निवडायची, एक तुम्ही, आणि तिसरी जागा रिकामी ठेवायची, कारण ती तिथे गेल्यावर सापडणार असते.

शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं उदाहरण घ्या. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने आखलेली ही इमारत १९१४ मध्ये बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी रुग्णालय होतं, त्यामुळे लोकांसाठी ती १९२२ मध्ये उघडली. तीन मजले आणि सिंधू संस्कृतीपासून चिनी भांड्यांपर्यंत सगळं. तिथे ‘सगळं’ बघायला निघालात तर एकाही गोष्टीपाशी थांबणं होणार नाही. आमच्या पहिल्या यादीत अकबराचं चिलखत माझ्या मुलाने निवडलेलं होतं. मी निवडली होती निमरुदची शिल्पं, म्हणजे आजच्या इराकमधल्या एका राजवाड्याच्या भिंतीवरच्या मोठ्या दगडी पाट्या. तिसरी वस्तू निसर्ग विभागात निघाली. तो एका पक्ष्यासमोर वीस मिनिटं मांडी घालून बसला. मी मध्ये बोलले नाही. त्या दिवशी आम्ही बाकी काही पाहिलं नाही, आणि मला त्याची अजिबात रुखरुख नाही.

याच आवारात मुलांसाठीचं वेगळं बालसंग्रहालयही आहे. लहान भावंडं बरोबर असतील तर एका मोठ्या माणसाने त्यांना तिकडे घेऊन जावं.

४. बरोबर काय घ्यायचं

पाण्याची बाटली, छोटी वही, शिसपेन्सिल. शाईचं पेन नको. डबा घ्या, पण तो बाहेर बागेत किंवा उपाहारगृहाच्या बाजूला उघडायचा. मोठी सॅक बहुतेक ठिकाणी दारात ठेवून घेतात, म्हणून सामान कमीच असू द्या. पावसाळ्यात जादा मोजे घ्या, कारण ओल्या पायांनी थंड फरशीवर तासभर फिरताना मुलं कुरकुरतात. शक्यतो दार उघडायच्या वेळेलाच पोचा. पहिल्या तासाला गर्दी नसते आणि पायही ताजे असतात.

५. वस्तूसमोर उभं राहिल्यावर

खरं काम इथे आहे, त्यामुळे जरा सावकाश सांगते.

पाटी आधी वाचू नका. पाटी वाचली की मुलाचं बघणं संपतं, कारण उत्तर मिळालेलं असतं. आधी मिनिटभर दोघांनी नुसतं बघायचं. मग एकेक विचारायचं. हे कशाचं केलं असेल? कुणी वापरलं असेल? यातलं काय तुटलंय? तुझ्या हातात दिलं तर किती जड लागेल? चिलखतासमोर माझ्या मुलाने विचारलं होतं, हे घातल्यावर पाठ खाजली तर काय करायचं? त्या एका प्रश्नावरून उन्हाळा, घाम, घोड्यावरचा प्रवास, चिलखताच्या आतले कपडे असं बोलणं कितीतरी वेळ चाललं. पाटी त्यानंतर वाचावी. तेव्हा तीच पाटी मूल स्वतःहून वाचतं.

आता राणीच्या बागेकडे वळू. भायखळा स्टेशनला पूर्वेला उतरलात की दहा-पंधरा मिनिटांत चालत पोचता. हे संग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. त्याचं तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ते उभं राहावं म्हणून झटलेल्यांपैकी डॉ. भाऊ दाजी लाड हे एक, आणि १९७५ मध्ये त्याला त्यांचं नाव मिळालं. आत सोनेरी नक्षीचे खांब आणि उंच छत आहे, पण मुलांचे डोळे खिळतात ते मातीच्या लहान लहान माणसांवर. वेगवेगळ्या जातीजमातींचे, धंद्यांचे लोक त्यांच्या कपड्यांसकट घडवलेले आहेत. नाना तऱ्हेच्या पगड्या आहेत. मुलाला सांगा, यातली एक पगडी निवड आणि वहीत काढ. चित्र कसंही येऊ दे. काढताना पगडीचा पीळ कुठून कुठे गेला आहे ते त्याला बघावंच लागतं, आणि चित्र काढायचं ते एवढ्यासाठीच.

बाहेर आलात की बागेत एक दगडी हत्ती उभा आहे. लोक त्याच्याजवळ फोटो काढून पुढे जातात. तुम्ही थांबा आणि मुलाला त्याच्या अंगावरचे सांधे शोधायला सांगा. माझ्या भाचीने ते पाहिले आणि विचारलं, “मावशी, याला कुणी फोडलं?”

त्याची हकिकत अशी. हा हत्ती घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचं ठरलं, पण उचलताना खाली पडून त्याचे तुकडे झाले. तुकडे मुंबईतच राहिले, आणि १९१४ मध्ये ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला. हे ऐकल्यावर भाचीचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. “मग आपण त्याच्या घरी कधी जायचं?”

त्यानंतर तिला पेंग्विन बघायचे होते, ते बघितले. पण संग्रहालय आधी आणि प्राणी नंतर हा क्रम सोडू नका. उलट केलंत तर प्राण्यांपुढे मातीच्या माणसांचा टिकाव लागत नाही.

६. मुलाच्या प्रश्नाच्या मागे जा

दोन आठवड्यांनी आम्ही घारापुरीला गेलो. प्रश्न ताजा असतानाच जावं, म्हणून फार दिवस मध्ये जाऊ दिले नाहीत.

गेटवेवरून सकाळची बोट धरा. साधारण तासाभराचा प्रवास आहे. लाइफ जॅकेट मोठ्यांनी आणि मुलांनी घालायचंच, आणि बोटीत गर्दी जास्त वाटली तर पुढच्या बोटीने जा. भर पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद ठेवतात, तेव्हा हा बेत दिवाळी ते मार्चच्या दरम्यान करा. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी असते, पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट लागत नाही. माकडं खाऊच्या पिशवीवर झडप घालतात, म्हणून हातात पिशवी दिसेल अशी धरू नका आणि मुलाच्या हातात वेफरचं पाकीट देऊ नका.

मुख्य लेण्यात शिरल्यावर पाच मिनिटं एका खांबापाशी थांबा. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळ्यांना आतलं दिसायला वेळ लागतो, आणि घाईने पुढे गेलेल्यांना त्रिमूर्ती नुसती काळी सावली दिसते. डोळे सरावले की माणसाच्या तिप्पट उंचीचे ते तीन चेहरे हळूहळू अंधारातून बाहेर येतात. मुलाला प्रत्येक चेहऱ्याचे ओठ बघायला सांगा. मधला शांत, एक उग्र, एक मृदू. हे आपण सांगायचं नाही, त्याने सांगायचं. मग कैलास हलवणारा रावण शोधा. त्याचे हात, कैलासावरचे शंकर-पार्वती, किती काय तुटलं आहे आणि किती काय उरलं आहे ते मोजायला लावा.

भाचीने अर्थातच हत्तीची जागा विचारली. तो उभा होता बेटाच्या दक्षिणेकडच्या राजबंदराच्या बाजूला. बोटी आता लागतात उत्तरेकडच्या शेतबंदरला. तिने वहीत बेटाचा गोल काढला, एका टोकाला बोट आणि दुसऱ्या टोकाला रिकामी चौकट, आणि चौकटीत लिहिलं, ‘भायखळ्याला गेला आहे’.

परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ धक्क्यावर उतरल्या उतरल्या विचारून घ्या, आणि तिच्या एक बोट आधीच निघा. शेवटच्या बोटीला रांग लांब असते आणि मुलं तोवर पेंगायला लागलेली असतात.