झीरोएमक्यूमध्ये मेसेज गायब होतात? या चुका टाळा

झीरोएमक्यू ही प्रोग्राममधून प्रोग्राममध्ये मेसेज पाठवायची लायब्ररी. नावात एमक्यू (मेसेज क्यू, म्हणजे मेसेजची रांग) आहे म्हणून बरेच जण तिच्याकडून रॅबिटएमक्यू या मेसेज सर्व्हरसारखी अपेक्षा ठेवतात. इथे मध्ये ब्रोकर (मेसेज घेऊन पुढे देणारा सर्व्हर) नाही, डिस्कवर काही साठत नाही. रांग असते ती त्या त्या प्रोसेसच्या मेमरीत, आणि प्रोसेस मेली की रांगही गेली. त्यात मेसेज टाकून दिला तरी लायब्ररी बहुतेक वेळा अवाक्षर काढत नाही.

सर्वात जास्त डोकं खातं पब-सब, म्हणजे पब्लिशर पाठवतो आणि सबस्क्राइबर घेतात ती पद्धत. पब्लिशर पाठवतोय, पण सबस्क्राइबरकडे शुकशुकाट? आधी सबस्क्राइब केलंय का ते बघा, नुसतं कनेक्ट करून काहीच येत नाही. सगळं हवं असेल तर रिकामी स्ट्रिंग द्यावी लागते. फिल्टर मेसेजच्या सुरुवातीच्या बाइट्सवर चालतो, त्यामुळे ‘ऑर्डर.1’ मागितलं की ‘ऑर्डर.10’ही गळ्यात पडतं. टॉपिकच्या शेवटी टिंब ठेवा.

तरी पहिले काही मेसेज गळतातच. कनेक्ट लगेच परत येतं, पण जोडणी आणि सबस्क्रिप्शन मागे सावकाश होत असतात. तोवरचं सगळं पब्लिशर फेकून देतो. यावर एक सेकंदाचा स्लीप टाकायची पद्धत आहे. लॅपटॉपवर चालतं, लोड आलेल्या सर्व्हरवर दगा देतं. त्यापेक्षा पब्लिशरने आधी ‘हॅलो’ पाठवत राहावं. सबस्क्राइबरला तो मिळाला की त्याने वेगळ्या रेक-रेप (विनंती-उत्तर) सॉकेटवरून ‘तयार’ कळवावं, आणि मगच खरा डेटा सोडावा.

पुढचा सापळा हाय-वॉटर मार्क, म्हणजे रांगेत किती मेसेज मावतील याची मर्यादा; डीफॉल्ट 1000 मेसेज. मर्यादा भरली की पब सॉकेट मेसेज टाकून देतं, पुश (कामं वाटून देणारं सॉकेट) मात्र सेंडवरच अडकून बसतं. आकडा वाढवणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं. प्रत्येक मेसेजला अनुक्रमांक द्या, म्हणजे निदान गळती दिसेल.

रेक-रेपमध्ये एक सेंड, एक रिसीव्ह हा क्रम सक्तीचा. सर्व्हर मधेच पडला की क्लायंट उत्तराची वाट बघत कायमचा अडकतो; पुन्हा सेंड केलं तर ईएफएसएम, म्हणजे क्रम चुकल्याची एरर. रिसीव्हच्या आधी टाइमआउट देऊन पोल करा, म्हणजे उत्तर आलंय का ते बघा. उत्तर नाही आलं तर लिंगर (बंद करताना न गेलेल्या मेसेजसाठी थांबायचा वेळ) शून्य करून सॉकेट बंद करा, नवं उघडा, विनंती पुन्हा पाठवा. मात्र पहिली विनंती सर्व्हरपर्यंत पोचली होती की नाही, हे क्लायंटला कळत नाही. पैशांचा व्यवहार असेल तर विनंतीला आयडी द्या आणि तोच आयडी दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरवर ओळखा, नाहीतर ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जातील.

प्रोग्राम संपता संपत नाही? तिथेही लिंगरच तपासा. डीफॉल्ट अमर्याद असल्यामुळे न गेलेल्या मेसेजसाठी कॉन्टेक्स्ट (सगळी सॉकेट्स सांभाळणारा ऑब्जेक्ट) थांबून राहतो.

एकच सॉकेट अनेक थ्रेडमध्ये फिरवू नका. थ्रेडगणिक वेगळं सॉकेट ठेवा, पण इनप्रॉक (एकाच प्रोसेसमधल्या थ्रेडमधली जोडणी) वापरत असाल तर कॉन्टेक्स्ट एकच हवा. आणि फोर्क करणार (प्रोसेसची प्रत काढणार) असाल तर चाइल्ड प्रोसेसमध्ये कॉन्टेक्स्ट नव्याने बनवा, पेरेंटचा तिथे चालत नाही.