एचआयव्ही टेस्ट करायचीय? मग या चुका टाळा

सांगली-मिरजेकडं समुपदेशनाचं काम करते, आणि त्याच त्याच चुका बघून डोकं उठलंय म्हणून लिहितेय.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे एका लॅबच्या एका कागदावर विश्वास ठेवून मोकळं होणं. तासगावकडची एक पोरगी, पहिलटकरीण, चौथा महिना. खाजगी लॅबमध्ये पॅकेजात सगळ्याच टेस्ट केल्या, तिला विचारलंसुद्धा नाही, आणि 'रिॲक्टिव्ह' (म्हणजे लागण असू शकते, पक्कं नाही) लिहिलेला कागद दिला कुणाला, तर सासूला! संध्याकाळी पोरगी माहेरी. दुसऱ्या दिवशी आई तिला घेऊन आली, आम्ही तपासलं तर निगेटिव्ह, काही दिवसांनी परत तपासलं तरी निगेटिव्हच. गरोदरपणात कधीकधी असं खोटं रिॲक्टिव्ह येतं हो, म्हणून तर सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, पहिलं किट रिॲक्टिव्ह आलं की आणखी दोन वेगळ्या किटवर तपासल्याशिवाय कुणाला पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, आणि हे सगळं फुकट. वर 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा सांगतो की संमतीशिवाय टेस्ट नाही आणि रिपोर्ट तिसऱ्याला सांगायचा नाही. पॅकेजवाल्यांना याचं काय पडलंय. सासरच्यांनी पोरीला परत नेलं, पण आम्हालाच दहादा विचारून.

दुसरी, घाई. शनिवारी काहीतरी झालं, सोमवारी टेस्ट, निगेटिव्ह, सुटलो! अरे बाबा, इतक्या लवकर किटला काही दिसतच नाही. तीन महिन्यांनी परत करायची म्हणजे करायची. खरंच भीती वाटत असेल तर 72 तासांच्या आत सिव्हिल गाठा, लागण टाळायच्या 28 दिवसांच्या गोळ्या असतात. तिथं मात्र घाई करा, नेमकी तिथंच लोक चार दिवस विचार करत बसतात.

नवरा निगेटिव्ह म्हणून बायको निगेटिव्ह, असं नसतं. दोघांनी तपासा.

गरोदर बाईची टेस्ट पहिल्या तीन महिन्यांत व्हायला पाहिजे. फडावरच्या ऊसतोड बायका कधी सातव्या-आठव्या महिन्यात येतात, तरी 'आता काय उपयोग' म्हणून परत पाठवू नका. उपचार नसेल तर बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के, गोळ्या नीट घेतल्या तर 5 च्या खाली.

आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाची साधी टेस्ट सहाव्या महिन्यात करून रडत बसू नका, त्यात आईकडून आलेल्या अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रथिनं) दिसतात. बाळ सहा आठवड्यांचं झालं की वेगळी टेस्ट असते, शेवटचा निकाल 18 महिन्यांनी.

आणि उपाशीपोटी यायची गरज नाही, जेवून या. लाज वाटत असेल तर आधी 1097 या एड्स हेल्पलाइनला फोन करा.