ओरांझचं रोमन थिएटर झाडीपट्टीच्या रसिकाने कसं पाहावं

फ्रान्सच्या दक्षिण भागात, ऱ्होन नदीच्या खोऱ्यात ओरांझ हे गाव आहे. वस्ती आपल्या वडशाएवढी, तीसेक हजारांची. या गावात इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेलं रोमन नाट्यगृह आहे. रंगमंचामागची भिंत जवळजवळ पूर्ण उंचीची उभी राहिलेली रोमन नाट्यगृहं जगात बोटांवर मोजण्याइतकी, त्यातलं हे एक. बरेच प्रवासी पाऊण तासात फोटो काढून बाहेर पडतात. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, थंडीत पहाटेपर्यंत नाटक पाहणाऱ्या माणसाने इथे निदान साडेतीन तास ठेवावेत. पडलेला जुना वाडा पाहतो तसं हे पाहू नका. प्रयोगाच्या आधी आपण रंगमंच तपासतो तसं पाहा: आवाज कुठवर जातो, कुठून काय दिसतं, ऊन-वारा कसा लागतो.

गावाचं इंग्रजी नाव ऑरेंज, पण तिकडे तसं विचारल्यास कुणाला कळणार नाही. 'ओरांझ' म्हणा. काटोल-वरुडच्या संत्र्याशी या नावाच्या उगमाचा संबंध नाही, रोमन काळातलं 'अरौसिओ' घासून घासून 'ओरांझ' झालं. याच नावाची एक मोबाइल कंपनी आहे, त्यामुळे इंटरनेटवर नुसतं नाव टाकलं की सिमकार्डच समोर येतात. सोबत 'थेआत्र आंतीक' हे शब्द टाका.

कधी जायचं

एप्रिलचा मध्य ते मे अखेर हा काळ आपल्याला सर्वांत सोयीचा. होळीपर्यंत नाटकांचा हंगाम संपतो आणि धानाची रोवणी लागायला अवकाश असतो. तिकडे तेव्हा हवा सुखाची असते. दुसरा पर्याय सप्टेंबर. जुलै शक्यतो टाळा. तेव्हा तिथे 'कोरेजी' हा ऑपेरा महोत्सव असतो. १८६९ पासूनची ही परंपरा आहे. महोत्सवासाठी रंगमंचावर नेपथ्य आणि दिव्यांचे खांब उभे राहतात, तालमींमुळे काही भाग किंवा काही वेळा बंद असतात आणि भिंत मोकळी दिसत नाही. ऑपेरा ऐकायलाच जायचं असेल तर मात्र जुलैच गाठा, तिकीट काही महिने आधी काढा आणि पुढचा सबंध दिवस विश्रांतीला ठेवा. हिवाळ्यात थिएटर लवकर बंद होतं, म्हणून वेळा आदल्या दिवशी संकेतस्थळावर पाहून घ्या.

कागदपत्रं

फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. मेमध्ये जायचं तर फेब्रुवारीतच करा. मोठ्यांसाठी फी ९० युरो, अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

आपल्याकडच्या अर्जांचं घोडं अडतं ते उत्पन्नाच्या पुराव्यावर. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून अनेकांनी कधी रिटर्न भरलेलं नसतं. अशा वेळी सातबारा, आठ-अ, बाजार समितीतल्या विक्रीच्या पट्ट्या आणि बँकेचं विवरण एकत्र लावा. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर सोबत जोडा. अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात एकदम दोन-तीन लाख रोख भरू नका, ते पैसे उसने आणल्यासारखे दिसतात. धान विकला तेव्हाच रक्कम खात्यात जमा झालेली असेल तर प्रश्नच उरत नाही.

पोहोचायचं कसं

पॅरिसच्या गार द ल्यों स्थानकावरून वेगवान रेल्वे आव्हिन्यों गावी पावणेतीन तासांच्या आसपास पोहोचते. इथे हमखास चूक होते. आव्हिन्योंला दोन स्थानकं आहेत. वेगवान गाडी गावाबाहेरच्या 'टेजेव्हे' स्थानकावर थांबते, तर ओरांझची लोकल बहुधा गावातल्या 'सांत्र' स्थानकावरून धरावी लागते. दोन्हींमध्ये पाचेक मिनिटांची शटल गाडी आहे. बदलण्यासाठी हाताशी ४० मिनिटं ठेवा. वेगवान गाडीचं तिकीट दिवस जवळ येईल तसं महागतं, ते आधी काढा. लोकलचं त्या दिवशी काढलं तरी चालतं. ओरांझ स्थानक गावाच्या पूर्वेला आहे, थिएटर पायी वीसेक मिनिटांवर.

आधी बाहेरून

तिकीट काढण्याआधी भिंतीसमोरच्या मोकळ्या चौकात जा आणि चौकाच्या पार टोकाला उभे राहा. भिंत १०३ मीटर लांब, ३७ मीटर उंच आणि १.८ मीटर जाड आहे, म्हणजे साधारण बारा मजल्यांची उंची. माझ्या राज्यातली सर्वांत सुंदर भिंत हीच, असं फ्रान्सचा राजा चौदावा लुई म्हणाला होता असं सांगतात. ही भिंत उत्तरेकडे तोंड करून आहे, दिवसाचा बहुतेक वेळ सावलीत असते, त्यामुळे इथले फोटो काळपट येतात. त्याची खंत करू नका, आत उजेड भरपूर आहे.

आता मान वर करून माथ्याजवळ पाहा. भिंतीतून पुढे आलेल्या दगडी ब्रॅकेटांच्या दोन रांगा दिसतील. वरच्या रांगेतल्या दगडांना आरपार भोकं आहेत. त्यांतून उभे खांब ओवून दोरखंडांवर प्रेक्षकांच्या डोक्यावर कापडाची भलीमोठी कनात ताणत असत. मंडईत शामियाना ताणताना ज्याने दोर ओढलेत त्याला हे दगड पाहताच कळतं की सगळा भार बाहेरच्या बाजूला घेतला आहे. आत कुठेही खांब नाही, म्हणून कुणाच्या नजरेआड काही येत नाही.

आत

शिरल्यावर लगेच खाली बसू नका. सर्वांत वरच्या रांगेपर्यंत चढा. पायऱ्या उंच आहेत, काही ठिकाणी आधाराला कठडा नाही, आणि झिजलेला चुनखडीचा दगड पाऊस पडला की निसरडा होतो. चपला नकोत, खाली पकड असलेले बूट घाला. गुडघे दुखत असतील तर खालच्या टप्प्यावरच थांबा, तिथूनही भिंत पुरेपूर दिसते.

बसायची जागा सेंट युट्रोप टेकडीच्या उतारावर बसवली आहे. उतार आयता मिळाला म्हणून भरावाचा खर्च वाचला. जवळपास ९,००० माणसं मावत. जितका मान मोठा तितकी जागा खाली आणि पुढे, गरीब व गुलाम पार वर. आज दिसणाऱ्या रांगांपैकी बऱ्याच एकोणिसाव्या शतकात नव्याने बसवलेल्या आहेत. मधल्या काळात थिएटरच्या आत लोकांची घरं होती, ती १८२५ नंतर हळूहळू हटवली गेली.

उतरताना अर्धवर्तुळाकार मोकळ्या जागेजवळच्या पहिल्या रांगांचे दगड शोधा. एका ठिकाणी लॅटिन अक्षरं कोरलेली आहेत: ई, क्यू, जी आणि पुढे तीन उभ्या रेषा. अर्थ असा की या तीन रांगा घोडेस्वार दर्जाच्या सरदारांसाठी राखीव. अक्षरं पसरट आणि उथळ आहेत, दुपारच्या उन्हात डोळ्याला सापडत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात बघा. राखीव खुर्चीवरची चिठ्ठी उडून जाते, ही अजून जागेवर आहे.

रंगमंच ६१ मीटर लांब आणि फक्त ९ मीटर खोल. ही लांबी डोळ्यांत भरून घ्या. इतक्या लांब मंचावर दोन पात्रं दोन टोकांना उभी राहिली तर संवाद तुटतो, म्हणून पात्रं कुठल्या दारातून येतात याला फार महत्त्व. मधलं मोठं दार मुख्य नटाचं, बाजूची दोन इतरांची. रोमन पडदा वरून पडत नसे. खेळ सुरू होताना तो मंचाच्या पुढच्या खाचेत खाली उतरे आणि शेवटी वर येई, म्हणजे आपल्या पडद्याच्या बरोबर उलट. मधल्या दारावर उंच कोनाड्यात रोमन सम्राट ऑगस्टस म्हणून ओळखला जाणारा ३.५५ मीटरचा पुतळा आहे. खालून तो माणसाएवढाच वाटतो, तेव्हा भिंतीची उंची खरी कळते. भिंतीच्या या आतल्या बाजूला पूर्वी रंगीत संगमरवर आणि खांबांच्या रांगा होत्या, आज मोजकेच खांब उरलेत. वरचं काचेचं आणि पोलादाचं छत २००६ चं, पावसापासून भिंत वाचवण्यासाठी घातलेलं.

आवाज तपासा

दोघं तरी हवेत. सकाळी उघडल्या उघडल्या जा, सहलीचे गट यायच्या आत. एकाने अर्धवर्तुळाच्या मध्यभागी, भिंतीकडे पाठ करून उभं राहावं आणि घरात बोलतो त्या आवाजात नांदीच्या चार ओळी म्हणाव्यात. ओरडू नये, ओरडलं की काहीच कळत नाही. दुसऱ्याने पाचव्या रांगेत, मग मधल्या टप्प्यावर, मग सर्वांत वर बसून ऐकावं. शब्दांची शेवटची अक्षरं कुठे गळतात ते लक्षात ठेवा. त्यानंतर बोलणाऱ्याने तोंड बाजूला वळवून त्याच ओळी पुन्हा म्हणाव्यात. फरक मोठा असतो, आणि बिनमाइकचा नट प्रेक्षकांकडे तोंड करून का बोलतो ते तिथल्या तिथे समजतं. उंच भिंत आवाज मागे जाऊ देत नाही, तो प्रेक्षकांकडे परत येतो. पूर्वी मंचावर लाकडी छत होतं, तेही आवाज पुढे ढकलायला मदत करत असे. रिकाम्या दगडांवर आवाज जास्त घुमतो. हजारो माणसं कपड्यांनिशी बसली की घुमणं कमी होऊन शब्द स्पष्ट होतो, हे धरून अंदाज बांधा.

ऊन, वारा, खाणं

प्रेक्षकांचं तोंड उत्तरेला असल्याने सूर्य पाठीमागे असतो. डोळ्यांवर ऊन येत नाही, पण मान आणि पाठ भाजते. गमछा घ्या. चंद्रपूरच्या उन्हाला सरावलेला माणूस इथे फसतो तो मिस्त्राल वाऱ्यामुळे. हा उत्तरेकडून येणारा कोरडा, गार वारा लख्ख ऊन असतानाही हुडहुडी भरवतो, आणि वरच्या रांगांत जास्त लागतो. छत्रीचा काही उपयोग नाही, वारा अडवणारं जाकीट हवं. बसायला घडी घातलेली सतरंजी पुरते.

सामानात तूप, पेढे, खवा, पनीर किंवा मांसाचे पदार्थ नेऊ नका. बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दूध-मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणू देत नाहीत. कोरडी जवसाची चटणी आणि चिवडा आरामात टिकतो. तिथल्या खानावळींची चूल दुपारी दोनच्या सुमारास बंद होते ती थेट सातला पेटते, त्यामुळे थिएटर संपवून तीन वाजता जेवू म्हटलं तर उपाशी राहाल. शाकाहाऱ्यांनी 'सां व्हियांद, सां पुआसों' म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं स्पष्ट सांगावं. दुकानात शिरताना आधी 'बोंझूर' म्हणा, नाहीतर पहिलाच प्रश्न उद्धट वाटतो.

उरलेला वेळ

थिएटरच्या तिकिटातच समोरचं संग्रहालय पाहता येतं, तिकीट फेकू नका. तिथे इसवी सन ७७ मधल्या जमीन मोजणीचे संगमरवरी नकाशे आहेत. कुणाची जमीन किती, खंड किती, हे दगडावर कोरून सर्वांसमोर लावलेलं. सातबारा हाताळणाऱ्याने इथे अर्धा तास घालवावाच. उत्तरेला पायी पंधरा मिनिटांवर तीन कमानींचं रोमन द्वार आहे, सुमारे १९ मीटर उंच. थिएटर आणि हे द्वार मिळून १९८१ मध्ये जागतिक वारसा ठरलं. द्वाराभोवती वाहनांचा गोल रस्ता आहे, ओलांडताना डावीकडून येणाऱ्या गाड्या आधी बघा, आपल्या सवयीच्या उलट.

सेंट युट्रोप टेकडीवर शेवटी चढा, तिथे तिकीट नाही. वरून अर्धवर्तुळ, मंच आणि भिंत एका नजरेत येतात, आणि हवा स्वच्छ असेल तर लांबवर मों व्हांतू डोंगर दिसतो. मे महिन्यात नऊपर्यंत उजेड असतो. त्या नादात परतीची गाडी चुकते. संध्याकाळनंतर गाड्या विरळ होतात, म्हणून स्थानकावर उतरल्या उतरल्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळांचा फोटो काढून ठेवा आणि टेकडीवरून निघताना चालण्यासाठी हाताशी पाऊण तास धरा.