सकाळी स्टार्ट न होणारी जुनी डिझेल व्हॅन: माझा अनुभव

रात्रभर उभी राहिली की सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागायचा. एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही. बॅटरी आणि ग्लो प्लग (थंड इंजिन गरम करणारे प्लग) बदलून फरक शून्य, डोकं फिरायची वेळ. इंजिनाचा डिझेल पंप बदलायचा सल्लाही मिळाला, अर्थात सगळ्यात महागडा.

टाकीत पंप नसेल तर इंजिनाचा पंप टाकीतून फिल्टरमार्गे डिझेल ओढतो, म्हणजे फिल्टरची बाजू ओढीची असते. तिथे फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते आणि सकाळी इंजिनाला डिझेल पोचायला वेळ लागतो. खाली डाग शोधू नका. फिल्टरनंतर पारदर्शक डिझेल नळी लावली: बुडबुडे. फिल्टरच्या आधी लावली: एकही नाही. म्हणजे हवा फिल्टरपाशीच शिरत होती, दोष त्याच्या ओ-रिंगचा (सांधा बंद ठेवणारी रबरी रिंग). नवी रिंग डिझेल चोपडून बसवली, ब्लीड स्क्रू (हवा बाहेर काढायचा स्क्रू) सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हाताने दाबायचा छोटा डिझेल पंप दाबला, तो दाबलेला असतानाच स्क्रू आवळला. आता चावी फिरवताच सुरू होते. कॉमन रेल (खूप जास्त दाबाने डिझेल सोडणारी पद्धत) असेल तर जास्त दाबाच्या नळ्यांना हात लावू नका.