जुने ॲडव्हेंचर गेम चपटे दिसतात? आधी हे बघा

सांगलीत आमच्या विश्रामबागच्या घरी मावसभावाने ‘मंकी आयलंड’ (१९९०) नव्या लॅपटॉपवर लावला, तर सगळी पात्रं बुटकी आणि रुंद दिसायला लागली. गेममध्ये काही बिघाड नव्हता.

त्या काळचे बरेच गेम ३२० बाय २०० पिक्सेलचे. पण तेव्हाचा मॉनिटर ४:३ आकाराचा, त्यामुळे तेवढंच चित्र उभं ताणलं जाऊन पडदा भरायचा. म्हणजे प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच. आजच्या स्क्रीनचे पिक्सेल चौरस, म्हणून चित्र बसकं होतं.

जुने ॲडव्हेंचर गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा स्कमव्हीएम हा मोफत प्रोग्राम वापरत असाल तर ग्राफिक्सच्या टॅबमध्ये ‘ॲस्पेक्ट रेशो करेक्शन’वर (म्हणजे रुंदी-उंचीचं प्रमाण सुधारण्यावर) टिक करा. गेम चालू असताना कंट्रोल, ऑल्ट आणि ए एकदम दाबूनही ते चालू-बंद होतं. दोन्हीत फरक लगेच कळतो: गेममधलं एखादं घड्याळ किंवा चंद्र बघा, तो गोल दिसला की जमलं.

फुल एचडी स्क्रीनवर चित्र १४४० बाय १०८० एवढं येईल आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतील. त्या राहू द्या! पट्ट्या घालवायला चित्र आडवं ताणू नका, एवढ्या मेहनतीने रंगवलेली पार्श्वभूमी पार बिघडते. कडा धुरकट वाटल्या तर फिल्टरिंग (मोठं केलेलं चित्र गुळगुळीत करायची सोय) बंद करा.

६४० बाय ४८० चे नंतरचे गेम मुळातच ४:३ चे असतात, त्यांना हे काही लागत नाही.